‘चव नव्हती’ म्हणजे नेमकं काय नव्हतं?

दिवसा सोन्याचांदीची उलाढाल आणि रात्री खाण्याची, असा इंदूरचा सराफा. तिथे चायनीजच्या गाड्या असाव्यात की नसाव्यात, यावर गेली काही वर्षं अधूनमधून वाद पेटतो. भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, मालपुवा यांच्या रांगेत नूडल्स कशाला, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू नुसती गर्दीकडे बोट दाखवते. या वादात मला पडायचं नाही. पण या निमित्ताने एक प्रश्न मात्र आमच्या घरात अगदी जेवणाच्या पाटापर्यंत आला आहे, कारण माझ्या पुतण्याचं अन्नपूर्णा रोडच्या बाजूला छोटं चायनीज रेस्टॉरंट आहे.

एका रविवारी रात्री तो रामबागेतल्या आमच्या घरी आला आणि त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. एकाच संध्याकाळचे दोन अभिप्राय. दोन्ही टेबलांवर व्हेज मंचुरियन आणि फ्राइड राइस. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘मजा आ गया’. दुसऱ्याने दोन तारे, आणि खाली दोनच शब्द: ‘टेस्ट नहीं’.

“काका, आचारी तोच, सॉस तोच, तांदूळ एकाच पातेल्यातला. मग चव एकाला लागली आणि दुसऱ्याला नाही, असं कसं?”

मी आयुष्यभर वाणिज्य महाविद्यालयात विपणन शिकवलं. म्हणून हा प्रश्न त्याने मला विचारला. त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर मांडतो. रेस्टॉरंट चालवणाऱ्यांना त्याचा उपयोग होईलच, पण आपण खाणाऱ्यांनीही ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

समाधान ताटात मोजता येत नाही

इंदूर स्टेशनवर आपण पाहुण्यांना घ्यायला गेलो आहोत. गाडी एक तास उशिरा येणार अशी घोषणा झाली आणि ती वीस मिनिटांच्या उशिराने आली, तर आपण खूश होतो. ‘बरं झालं, लवकर आली’ असंही म्हणतो. तीच गाडी वेळेवर असल्याचं सांगितलं आणि ती वीस मिनिटं उशिरा आली, तर आपण चडफडतो. उशीर दोन्ही वेळा वीसच मिनिटांचा.

अमेरिकी संशोधक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली ग्राहकाच्या समाधानाचा जो सिद्धांत मांडला, त्याचा गाभा हाच आहे. माणूस मनात एक अपेक्षा घेऊन येतो. मिळालेला अनुभव तो त्या अपेक्षेला लावून बघतो. अनुभव वर गेला तर आनंद, खाली राहिला तर नाराजी, बरोबरीत राहिला तर ‘ठीक होतं’. म्हणजे समाधान हे वस्तूत नसतं, ते वस्तू आणि अपेक्षा यांच्यामधल्या अंतरात असतं. पोह्यांची तीच बशी छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत उभ्याने खाताना ‘वा’ वाटते आणि मोठ्या हॉटेलात तिचे पाचपट पैसे मोजताना ‘हे काय पोहे?’ असं वाटतं.

चायनीजमध्ये पहिली अडचण इथेच सुरू होते. पोहे कसे असावेत हे आपल्याला आजीने शिकवलेलं असतं. मंचुरियन कसं असावं हे आपल्याला कोणी शिकवलं?

मंचुरियाने न पाहिलेलं मंचुरियन

चिनी माणसं भारतात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राहत आली आहेत. कोलकात्याजवळ आछिपूर नावाचं गाव आहे, ते तोंग आछू या चिनी माणसाच्या नावावरून पडलं. त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला होता. पुढे कोलकात्याच्या तिरेट्टा बाजारात आणि टांगरा भागात चिनी वस्ती वाढली. त्यात हाक्का समाजाचे लोक बरेच होते. आपण ज्यांना ‘हक्का नूडल्स’ म्हणतो ते नाव तिथून आलं. या लोकांनी आपल्या भट्टीवर भारतीय जिभेसाठी हिरवी मिरची, लसूण, आलं सढळ हाताने घालायला सुरुवात केली.

मंचुरियनची गोष्ट तर आणखी अलीकडची. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. गिऱ्हाइकाने काहीतरी वेगळं मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची हे नेहमीचं वाटण घेतलं, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोर लावून रस्सा दाट केला. मंचुरिया या चीनच्या ईशान्येकडच्या प्रदेशाचा या पदार्थाशी नावापुरताच संबंध.

शेजवानचंही तसंच. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकाची ओळख म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी. ती मिरी आणि आपल्या कोकणातलं तिरफळ हे एकाच कुळातले. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ ज्यांनी चुकून चावलं असेल, त्यांना त्या झिणझिण्या बरोबर कळतील. पण इंदूरमध्ये शेजवान म्हटलं की लाल मिरची आणि लसणाची तिखट चटणी, बस. उद्या कोणी अस्सल सिचुआनची थाळी आणून ठेवली तर आपल्यातले बहुतेक जण ‘जीभ बधिर झाली, काहीतरी बिघडलंय’ म्हणून परत पाठवतील.

‘मग हे सगळं खोटंच की,’ असा आक्षेप माझे मित्र घेतात. मला तो पटत नाही. अडीच-तीन पिढ्यांनी आवडीने खाल्लेला पदार्थ खोटा कसा होईल? बटाटा आणि मिरची हेसुद्धा समुद्रापलीकडूनच आले आणि आपण त्यांची उपासाची भाजी केली. मुद्दा इतकाच, की अस्सलपणाची मोजपट्टी ग्राहकाच्या हातात नसते. त्याची मोजपट्टी म्हणजे गेल्या वेळचं मंचुरियन. शाळेबाहेरच्या गाडीवर खाल्लेलं, लग्नाच्या स्टॉलवर खाल्लेलं किंवा मागच्या महिन्यात तुमच्याच दुकानात खाल्लेलं.

अमेरिकेतल्या चिनी रेस्टॉरंटांत काय दिसलं

यिंगहुआ लिऊ आणि सू चोंग जांग या दोन संशोधकांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या चिनी रेस्टॉरंटांत जेवणाऱ्यांना त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: तुमच्या दृष्टीने काय किती महत्त्वाचं आहे, आणि या रेस्टॉरंटने त्यात किती मार्क मिळवले?

ही पद्धत १९७७ साली दोन अमेरिकी अभ्यासकांनी सुचवली होती. मी वर्गात ती मार्कशीटच्या उदाहरणाने शिकवायचो. मुलाला गणितात शंभरपैकी पंचेचाळीस आणि चित्रकलेत दहापैकी नऊ मिळाले, तर क्लास कशाचा लावायचा? गणिताचा, कारण त्याचं वजन जास्त आणि मार्क कमी. रेस्टॉरंटवाले पुष्कळदा उलट करतात. गिऱ्हाईक कमी झालं की भिंतीवर ड्रॅगन रंगवतात, लाल कंदील टांगतात. ती चित्रकलेची शिकवणी झाली.

अभ्यासात निघालं ते असं. जेवण, सेवेची विश्वसनीयता आणि जागेची स्वच्छता या तीन गोष्टींवर समाधान आणि परत येण्याची इच्छा प्रामुख्याने ठरते. चव आणि विश्वसनीयता ही या रेस्टॉरंटांची बलस्थानं होती. जिथे महत्त्व जास्त आणि मार्क कमी, अशा गोष्टी होत्या स्वच्छता आणि ग्राहकाकडे लक्ष देणं.

यातला ‘विश्वसनीयता’ हा शब्द एकदा नीट समजून घेऊ. भारतीय वंशाचे ए. परशुरामन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९८८ साली सेवेचा दर्जा मोजण्यासाठी पाच कसोट्या दिल्या. त्यांतली विश्वसनीयता म्हणजे जे सांगितलं ते, सांगितलं तसं, दर वेळी देणं. ड्राय मागितलं तर ड्राय आलं, कमी तिखट सांगितलं तर कमी तिखट आलं, बिलात तेवढंच लागलं जेवढं खाल्लं. या तिघांच्या पाहण्यांत ग्राहकांनी पाचही कसोट्यांत जास्तीत जास्त वजन दिलं ते हिलाच. हसून स्वागत वगैरे तिच्या मागून येतं.

अमेरिकेतला निष्कर्ष इंदूरला जसाच्या तसा लावता येईल का, ही शंका रास्त आहे. तिथले पदार्थ वेगळे, ग्राहक वेगळा, आणि कांदा-लसूण-गाजर न खाणारं टेबल तिथे रोज लागत नाही. तरी मला वाटतं की विश्वसनीयतेचं वजन आपल्याकडे उलट जास्तच असेल. पदार्थ परका असला की ग्राहक त्याच्या बारकाव्यांवर बोलू शकत नाही, पण ‘मागच्या वेळसारखं नाही’ हे त्याला पहिल्या घासाला कळतं.

तोच आचारी, तरी चव तीच का नसते

पुतण्याच्या वाक्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे चव तीच होती हे गृहीत धरणं. चव तीच नव्हती. हे जरा भट्टीपाशी उभं राहून बघायला हवं.

चायनीजची ती खोलगट पातळ लोखंडी कढई आणि तिच्याखालची सूं सूं आवाज करणारी भट्टी, या जोडीवर सगळा खेळ आहे. दक्षिण चीनच्या कँटन भागात चांगल्या परतलेल्या पदार्थाच्या वासाला ‘वॉक हेय’ म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. प्रचंड आचेवर पदार्थ उडवला की त्याचा पृष्ठभाग क्षणभर तापतो, खरपूस होतो, उडालेले तेलाचे कण पेट घेतात आणि तो धुरकट वास भाताला लागतो. पदार्थ लगेच हवेत जातो, म्हणून करपत नाही.

२०२० साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी या उडवण्याचा चक्क भौतिकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. चिनी पद्धतीने फ्राइड राइस करणाऱ्या आचाऱ्यांचे व्हिडिओ त्यांनी तपासले. कढई एका सेकंदात सुमारे पावणेतीन वेळा हलत होती, म्हणजे एका झटक्याला सेकंदाचा तिसरा हिस्साच. या वेगामुळे भात १२०० अंश सेल्सियसपर्यंतची उष्णता झेलूनही जळत नाही. एवढ्या झटक्यांनी आचाऱ्याच्या खांद्याचे काय हाल होत असतील, ही चिंताही त्यांच्या अभ्यासामागे होती. ती मला फार महत्त्वाची वाटते. आपण तारे देतो तेव्हा त्या खांद्याचा विचार करत नाही.

आता रविवारची रात्र घ्या. सव्वानऊ वाजलेत. पाच टेबलांना फ्राइड राइस हवा आहे. आचारी काय करतो? पाचही प्लेटा एकदम टाकतो. कढई भरली की ती थंड पडते. भात आणि भाज्यांतलं पाणी वाफ होऊन उडून जायच्या ऐवजी तिथेच साचतं. पदार्थ परतला जात नाही, उकडला जातो. तेच मीठ, तोच सॉस, पण कढईचा श्वास नाही. जड झालेली कढई उंच उडवताही येत नाही. घरी गॅसवर नूडल्स केले की ते गिचका का होतात, याचंही कारण तेच: आच कमी आणि कढई भरलेली.

पार्सलचं दुखणं वेगळं. गरम नूडल्स बंद डब्यात घातले की वाफेचं पाणी होतं. मंचुरियनच्या गोळ्यांचं कुरकुरीत आवरण वीस मिनिटांत ओल्या पावासारखं होतं. डबा उघडणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला फक्त ‘चव नाही’ कळतं.

भाताची आणखी एक गंमत. ताजा मऊ भात परतायला वाईट. शिजून पूर्ण गार झालेला भात सुटा होतो, कारण त्यातला स्टार्च घट्ट होतो. म्हणून आचारी भात आधी शिजवून ठेवतात. पण शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा परतूनही जात नाही. भात पसरून लवकर गार करायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा, हा नियम चवीचाही आहे आणि पोटाचाही.

स्वच्छता: असेल तर कोणी बोलत नाही

घरी नळाला पाणी आलं म्हणून कोणी पेढे वाटत नाही. एक दिवस आलं नाही की मात्र नगरसेवकापर्यंत फोन जातात. जपानचे नोरिआकी कानो यांनी १९८४ साली ग्राहकाच्या गरजांची जी विभागणी केली, तिच्यात अशा गोष्टींचा वेगळा कप्पा आहे. त्या असल्या तर कोणी शाबासकी देत नाही, नसल्या तर सगळं मुसळ केरात. स्वच्छता त्याच कप्प्यातली.

आणि इंदूरात हा कप्पा जरा जास्तच खोल आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या शहराचा माणूस कचऱ्याचा कागदही खिशात ठेवून घरी नेतो. त्याला चिकट टेबल, तेलकट मेनूकार्ड, सॉसच्या बाटलीच्या तोंडाशी वाळलेला लाल थर हे खुपतंच. छप्पन दुकानला त्याने स्वच्छ ठेवलेले स्टॉल पाहिलेले असतात. शहराने त्याची अपेक्षा वाढवून ठेवली आहे, आणि अपेक्षा वाढली की तेच टेबल जास्त चिकट वाटू लागतं.

इथे एक मानसशास्त्राची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवलं, की माणसाबद्दलचं एक मत आपण त्याच्या बाकीच्या गुणांवरही पसरवतो. याला वलय-परिणाम म्हणतात. हात धुवायला गेलेला माणूस घाणेरडं बेसिन बघून परत येतो आणि नूडल्स त्याला कमी चवदार लागतात. तो खोटं बोलत नसतो. बेसिनचं मत ताटात उतरलेलं असतं. लिहिताना मात्र तो ‘टेस्ट नहीं’ असंच लिहितो, कारण जेवणाच्या जागी नाराजी सांगायला तोच शब्द सगळ्यात जवळ असतो.

रंग आणि अजिनोमोटो

मंचुरियन जितकं लाल तितकं चवदार, अशी आमच्या गाड्यांवर बरीच वर्षं समजूत होती. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग सापडले होते. ही बातमी इंदूरच्या घराघरांत पोहोचली आणि तोच भडक लाल रंग संशयाचा झाला. रंग न घातलेलं मंचुरियन तपकिरीच दिसतं. ते तसंच दिसायला हवं, हे दुकानदाराने आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाइकाला वाटतं की सॉस कमी घातलाय.

अजिनोमोटोचं प्रकरण उलट आहे. इथे भीती पुराव्यापेक्षा खूप मोठी झाली. जपानचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट हा चवीचा घटक वेगळा केला. अजिनोमोटो म्हणजे त्याचाच क्षार. पिकलेल्या टोमॅटोतही तोच असतो. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं: चिनी रेस्टॉरंटात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं. कारण सोया सॉस, वाइन, मीठ की अजिनोमोटो, हे त्यांनी प्रश्न म्हणूनच विचारलं होतं. प्रश्नाचं उत्तर मिळायच्या आत जगाने आरोपी ठरवून टाकला. त्यानंतरच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातल्या अजिनोमोटोने असा त्रास सातत्याने होतो असं दिसलं नाही. अमेरिकेची अन्न व औषध यंत्रणा त्याला मिठासारख्याच सुरक्षित घटकांत धरते.

मग पुतण्याने पाटी लावावी का, ‘अजिनोमोटो सुरक्षित आहे’ म्हणून? माझं उत्तर, नाही. बाहेर जेवायला आलेला माणूस वादात हरायला आलेला नसतो. ‘सांगाल तर घालणार नाही’ असं मेनूवर लिहावं आणि सांगितल्यावर खरंच घालू नये. इथेही शेवटी विश्वसनीयताच.

आमच्या शहरात हे जैन जेवणाला तंतोतंत लागू पडतं. जैन मंचुरियन म्हणजे कांदा-लसूण वगळलं की झालं, असं बऱ्याच स्वयंपाकघरांत समजतात. पण कंदमुळं वर्ज्य असतात. आलं आणि गाजरही चालत नाही. आणि चायनीजमधल्या आधीच चिरून ठेवलेल्या भाजीत गाजर तर कोबीत मिसळूनच पडलेलं असतं. एक केशरी काडी दिसली की त्या कुटुंबाचा विश्वास संपला. तिथे चवीचा प्रश्नच उरत नाही.

थांबण्याची मिनिटं घड्याळाची नसतात

डेव्हिड मेइस्टर यांनी १९८५ साली रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं. रिकामं थांबणं जास्त लांब वाटतं. किती थांबायचं ते माहीत नसेल तर आणखी लांब. आणि आपल्यानंतर आलेल्याचं काम आधी होताना दिसलं, तर विचारूच नका.

हा तिसरा प्रकार आजच्या रेस्टॉरंटात रोज घडतो. आपण पंचवीस मिनिटं बसलोय आणि पाठीवर मोठी पिशवी लावलेली मुलं एकामागून एक येऊन पाकिटं घेऊन जातायत. त्यांनी ऑर्डर आधी मिळवलेली असेल, पण टेबलावरच्या माणसाला ते दिसत नाही. पार्सलचा काउंटर जेवणाऱ्यांच्या नजरेआड ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. ‘पंधरा मिनिटं लागतील’ म्हणून बारा मिनिटांत आणणं हाही. आणि वन बाय टू सूप! लोक त्याला काटकसर समजतात. मला वाटतं ते थांबण्याची मिनिटं कमी करणारं सगळ्यात चांगलं औषध आहे. हातात वाटी आली की घड्याळाकडे लक्ष जात नाही.

‘शेवटी सगळं पैशांवर येतं’

हा आक्षेप मला दर वेळी ऐकू येतो. स्वस्त द्या, लोक खूश. तसं असतं तर स्वस्त गाड्यांवर तक्रारी नसत्या आणि महागड्या जागी रांगा नसत्या. लोक किंमत सहन करतात, फसवणूक नाही. हाफ प्लेटमध्ये किती येईल हे कळलं नाही, बिलात न विचारता सेवाशुल्क लागलं, की राग येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं, की रेस्टॉरंटला सेवाशुल्क बिलात परस्पर लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे.

बिल हे जेवणाचं शेवटचं पान असतं आणि शेवट लक्षात राहतो. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग केला. लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच मिनिट, आणि वर आणखी अर्धं मिनिट, ज्यात पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशाने वाढवलं. पुन्हा करायचं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचं निवडलं. त्रास जास्त, पण शेवट जरा बरा. बडीशेपेची वाटी बिलाबरोबर लगेच येते की मागितल्यावर, याला म्हणून अर्थ आहे.

चूक झाल्यावर

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही शहरातल्या एका बऱ्यापैकी चायनीज रेस्टॉरंटात गेलो होतो. तिखट अजिबात नको, असं दोनदा सांगितलं. आलेल्या रश्श्याच्या पहिल्या घोटाला आईला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी वेटरला बोलावलं. तो म्हणाला, “ऐसाही बनता है, आंटी.” आई काही बोलली नाही. तिने नुसता पांढरा भात आणि पाणी घेतलं. आम्ही कुठेही अभिप्राय लिहिला नाही, एकही तारा दिला नाही. आमच्या अकरा जणांच्या कुटुंबातलं कोणी तिथे परत गेलेलं नाही.

ताऱ्यांवर फार विसंबू नये, ते यासाठी. लिहितात ते बहुधा फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. मधले आणि दुखावलेले मुकाट्याने निघून जातात. म्हणून दोन तारे देऊन ‘टेस्ट नहीं’ लिहिणाऱ्याचे, मी पुतण्याला म्हटलं, आभारच मान.

चूक चांगली निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षा जास्त जवळ येतो, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ते हमखास नाही, आणि तीच चूक दुसऱ्यांदा झाली तर मुळीच नाही. त्या रात्री वेटरने ताट उचलून ‘दुसरं करून आणतो’ एवढं म्हटलं असतं, तरी आई ते रेस्टॉरंट वर्षभर सांगत राहिली असती. तिला मी ओळखतो.

ते दोन टेबल

आम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात बसून रविवारची बिलं काढली. पाच ताऱ्यांचं टेबल साडेसातचं होतं. चौथ्यांदा आलेलं कुटुंब, कढईत तेव्हा एकच ऑर्डर. दोन ताऱ्यांचं टेबल नऊ वीसचं. नवीन माणसं, मोबाईलवरचा चकचकीत फोटो बघून आलेली. त्यांच्या फ्राइड राइसबरोबर आणखी चार प्लेटा एकाच कढईत पडल्या होत्या, आणि ताट पोहोचायला अडतीस मिनिटं लागली. त्या वेळात सात पार्सलं त्यांच्या समोरून गेली.

पुतण्याने आता आचाऱ्याला एका वेळी दोनच प्लेटा टाकायला सांगितलं आहे. आचारी कुरकुरला, मग दुसऱ्या भट्टीची मागणी केली, आणि ती मागणी बरोबर होती. पार्सलची खिडकी बाजूच्या गल्लीत काढली. मेनूवरचा फोटो बदलून दुकानातल्याच ताटाचा लावला, तपकिरी मंचुरियनचा.

परवा मी तिथे गेलो तेव्हा तो स्वतः काउंटरवर उभा राहून कोबीच्या परातीतून गाजराच्या काड्या वेचत होता. जैन भाजीची परात आता वेगळी आहे, पण नवीन मुलाने त्या दिवशी दोन्ही एकाच सुरीने चिरल्या होत्या. त्याने सगळी परात बाजूला सारली आणि मुलाला कोबीचा नवा गड्डा धुवायला सांगितलं. बाहेर चार टेबलं थांबलेली होती. त्याने आधी जाऊन त्यांना सांगितलं, “बीस मिनट लगेंगे,” आणि सूप पाठवलं.